आभाळातून ओल दिसते, पण कोणती?



हे भोरहून लिहीत आहे. भोर आणि वेल्हे (त्याला आता राजगड तालुका म्हणायचे) हा भात-नाचणीचा मुलूख. कपाशी-ज्वारीवाल्यांना इथला दाखला कशाला, असे वाटेल. कारण ढग. पावसाळाभर राजगड-तोरण्यावरचा ढग हलत नाही. उपग्रहाच्या साध्या कॅमेऱ्याला त्या दिवसांत खालचे पीक दिसत नाही, ढगांचा कापूस तेवढा दिसतो. तुमच्याकडेही ऐन पाते-फुलाच्या दिवसांत हेच होते.

इस्रोच्या पुढच्या बेतांची वर्तमानपत्रांत चर्चा होते ती गगनयानाची. आधी 'व्योममित्र' यंत्रमानव, मग 2027 साली माणूस, असे उद्दिष्ट ठरले आहे. जरूर जावे. आपला मतलब दुसरीकडे आहे. ढगांतून पाहणारा रडार-उपग्रह ईओएस-09 हा 18 मे 2025 रोजी प्रक्षेपकाच्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन गमावला. 30 जुलै 2025 ला मात्र 'निसार' नीट वर पोचला. इस्रो आणि अमेरिकेची नासा यांचा हा सामाईक उपग्रह. 747 किलोमीटर उंचीवरून दर 12 दिवसांनी तीच जमीन पुन्हा पाहतो, ढग असो की रात्र. जमिनीतली ओल मोजणे हे त्याचे एक काम, आणि त्याची माहिती सर्वांना खुली ठेवण्याचे धोरण आहे.

इथे माझ्यातला कृषी पदवीधर आडवा येतो. रडारला कळते ती वरच्या चार बोटांची ओल. शाळू येतो तो काळ्या रानात दोन-तीन फूट खाली साठलेल्या ओलीवर. वरचे रान भेगाळलेले असते आणि मालदांडी निसवत असते. उलट हलक्या मुरमाड रानात कालच्या सरीने वरची माती ओली दिसेल आणि चार दिवसांत कपाशी माना टाकेल. रानाची खोली ठाऊक नसेल तर नुसता आकडा फसवा.

हा पोथीतला वाद नाही. 2023 च्या खरिपात आपल्या राज्यात कापूस, भात, सोयाबीन यांच्या विम्यात उपग्रहाच्या अंदाजाला 30 टक्के आणि पीक कापणी प्रयोगाला 70 टक्के वजन दिले होते. 2025 मध्ये एक रुपयाचा विमा बंद झाला; कापसासाठी 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आता आपल्या खिशातून जातो. पैसे भरणारे आपण. आकडा कुठल्या रानावर ताडून पाहिला, हे विचारायचे कोणाला? आमच्या भोरात घाटमाथ्याचे गाव आणि नसरापूरकडचे गाव एकाच तालुक्यात, पण पावसात जमीन-अस्मानाचा फरक.

जिल्हा बैठकीत मी मांडणार आहे ते एवढेच. प्रत्येक महसूल मंडळात हलके, मध्यम, भारी अशी तीन राने ठरवून शेतकऱ्यांसमोर दोन फूट खोलवरची ओल मोजावी. उपग्रहाचा आकडा तिच्या शेजारी, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा, आणि तोही पीक कापणीच्या आधी. खर्च फार नाही. मातीचे गिरमिट आणि एक तराजू लागतो. गिरमिट माझ्याकडे आहे, येताना घेऊन येतो.