फळांचा चोथा, गोठा आणि आपले ताट

संत्र्याचा रस काढला की फळाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग साल, चोथा आणि बियांच्या रूपात मागे उरतो. ब्राझील आणि अमेरिकेतील फ्लोरिडात हा चोथा कित्येक दशकांपासून मांसासाठी व दुधासाठी पाळलेल्या जनावरांना घातला जातो. माणसाला न पचणारे त्यातील तंतू गाईच्या कोटीपोटातील सूक्ष्मजीव पचवतात. ओढे-नाले नासवणारा माल असा कामी येतो, हे चांगलेच आहे.

अडचण ओलाव्याची. ताज्या चोथ्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. तो लवकर बुरशी धरतो. म्हणून एक तर तो वाळवावा लागतो, किंवा कडबा-भुसा मिसळून, दाबून, हवाबंद ठेवून त्याचा मुरघास करावा लागतो. हवा नसली की दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद आम्ल तयार करतात, सामू ४ च्या आसपास उतरतो आणि कुजवणारे जिवाणू मागे हटतात.

पण ‘आंबवले म्हणजे निर्धोक झाले’ हा समज चुकीचा आहे. आम्लाने जिवाणू आवरतात. जड धातू किंवा डायॉक्सिनसारखी रसायने नाहीत. १९९८ मध्ये जर्मनीत दुधातील डायॉक्सिन वाढल्याचे आढळले. माग ब्राझीलहून आलेल्या वाळवलेल्या चोथ्यापर्यंत पोचला. दोष फळाचा नव्हता. प्रक्रियेत वापरलेला चुना दूषित होता. डायॉक्सिन चरबीत साठते आणि दूध-मांसातून माणसाच्या शरीरात येऊन वर्षानुवर्षे राहते.

महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे; त्यामुळे इथे प्रश्न मुख्यतः दुधाचा. कोकणात आंब्याच्या साली-कोयी आणि नाशिकला द्राक्षांचा चोथा निघतो. त्यांचा मुरघास जरूर व्हावा. पण बुरशीच्या चाऱ्यातील अफ्लाटॉक्सिन दुधात उतरते आणि ते यकृताला घातक आहे. म्हणूनच भारतात दुधातील अफ्लाटॉक्सिन एम-१ साठी किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे.

तेव्हा कारखान्याने चोथा देताना त्यात काय मिसळले ते लेखी द्यावे. तपासणीचा खर्चही त्यानेच सोसावा, शेतकऱ्यावर ढकलू नये. मुरघासाचा बुरशी लागलेला थर जनावरापुढे न टाकता फेकून द्यावा. चाऱ्यावरची तपासणी स्वस्त पडते. तेच विष माणसाच्या यकृतात शोधणे फार महाग आणि बहुधा उशिराचे ठरते.