वही, कळफलक आणि वेलांटी

संगणक आल्यापासून विद्यार्थ्यांचे अक्षर बिघडले, ही तक्रार आता जुनी झाली आहे. परंतु अक्षर वळणदार की वेडेवाकडे, हा प्रश्न तसा दुय्यमच. लिहिताना विद्यार्थ्याचे मन किती काम करते, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी व्याख्यात्याचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेताना आढळले. हाताने लिहिणाऱ्यांना तो वेग साधत नाही. त्यांना निवड करावी लागते. संकल्पनांवरील प्रश्नांत तेच सरस ठरले. पुढील फेरप्रयोगांत हा फरक तितका ठळक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मराठीचा प्रश्न मात्र याहून निराळा आहे. रोमन अक्षरांत ‘पी-ए-एन-आय’ टाइप केले, की पडद्यावर ‘पाणी’, ‘पानी’ असे पर्याय उभे राहतात. विद्यार्थ्याने केवळ बोट ठेवायचे. ‘न’ की ‘ण’, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, हे यंत्रच सुचवते. वहीत ‘कवी’ दीर्घ आणि ‘कविता’ ऱ्हस्व का, याच्याशी मुलाला स्वतःच झुंजावे लागते. चुकले तरी ती चूक त्याची असते आणि शिक्षकांना ती दिसते.

यात दोष कळफलकाचा नव्हे, रोमनच्या आडवाटेचा आहे. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ऱ्हस्व व दीर्घ वेलांटीच्या कळा स्वतंत्र असतात. निर्णय विद्यार्थ्याकडेच राहतो. शिवाय ही मांडणी भारतीय लिप्यांना समान असल्याने बडोद्याच्या किंवा बंगळूरुच्या मराठी मुलाला गुजरातीसाठी वा कन्नडसाठी नवा कळफलक शिकावा लागत नाही.

संगणकाचे खरे सामर्थ्य पुनर्लेखनात आहे. निबंधाचा तिसरा परिच्छेद आरंभी हवा होता, हे उमगूनही सारा निबंध पुन्हा उतरवण्याचा उत्साह किती मुलांना असतो? पडद्यावर ते क्षणाचे काम. म्हणून पहिला खर्डा वहीत आणि संस्करण संगणकावर, ही विभागणी वर्गात सोयीची ठरेल.

हाताचा सराव सोडून मात्र चालणार नाही. दहावीची उत्तरपत्रिका आजही हातानेच लिहावी लागते. (धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिताना थबकणारे तरुण ग्राहक बँकेच्या खिडकीशीही दिसतात, आणि सीटीएस पद्धतीत तेथे रकमेच्या खाडाखोडीला वाव नाही!) ज्या शाळांत संगणक कक्ष आहे, त्यांनी मराठीच्या तासांपैकी आठवड्यातून एक तास इन्स्क्रिप्टला द्यावा. त्यासाठी नवे यंत्र घ्यावे लागत नाही. ही मांडणी बहुतेक संगणकांत आधीपासूनच असते.