नैराश्यावर केटामाइन : आक्षेप आणि उत्तर

केटामाइन हे मुळात भुलीचे औषध. १९६२ साली काल्विन स्टीव्हन्स यांनी अमेरिकेत ते तयार केले. श्वास फारसा मंदावत नाही आणि रक्तदाब सहसा कोसळत नाही, म्हणून साधने तोकडी असलेल्या रुग्णालयांत भूलतज्ज्ञांची त्यावर भिस्त असते. हेच औषध बरेच कमी प्रमाणात शिरेतून दिल्यास हट्टी नैराश्य काही तासांत हलके होऊ शकते. एरवीच्या गोळ्यांना गुण दाखवायला आठवडे लागतात.

पहिला आक्षेप नशेचा. तो निराधार नाही. बेबंद वापराने मूत्राशय कायमचे बिघडू शकते. पण सवयीचे भय तर मॉर्फिनलाही आहे, तरी कर्करोगाच्या वेदनेत ते कोणी नाकारत नाही. भारतात २०१३ पासून केटामाइन शेड्यूल एक्समध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराला दोन वर्षे जपावी लागते. धोका आहे तो देखरेख नसण्यात.

दुसरी चूक उलट टोकाची : केटामाइन म्हणजे रामबाण. २००६ च्या अमेरिकी चाचणीत दुसऱ्या दिवशी ७१ टक्के रुग्णांना उतार पडला, पण आठवडाभर टिकला तो ३५ टक्क्यांतच. २०२३ मध्ये स्टॅनफर्डला ४० रुग्णांपैकी काहींनाच पूर्ण भुलीत, म्हणजे काय मिळाले ते त्यांना कळू न देता, औषध दिले, तेव्हा ते दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत फरक दिसला नाही. म्हणजे अपेक्षेचा वाटा मोठा असू शकतो. एका सलाइनवर बरे करण्याची हमी देणारा रुग्णाला फसवतो.

तरीही औषध टाकाऊ ठरत नाही. त्याच वर्षी भ्रम-भास नसलेल्या हट्टी नैराश्यात शॉक ट्रीटमेंटशी त्याची तुलना झाली. केटामाइनने ५५ टक्के रुग्णांना गुण आला, शॉकने ४१ टक्क्यांना. स्मरणशक्तीला त्रासही कमी झाला.

हे शहरातल्या पैसेवाल्यांचे चोचले, हा आक्षेप सर्वांत अन्यायाचा. धार जिल्ह्यातल्या सरदारपुरात, भिल्ल पाड्यांवर, मन खचलेल्या माणसाला अनेकदा आधी बडव्याकडे, म्हणजे भगताकडे, नेतात. डॉक्टरकडे जायचे ठरले की बऱ्याचदा इंदूरच्या बाणगंगा मनोरुग्णालयाची वाट धरावी लागते. महाग आहे तो नाकात मारायचा नवा फवारा. जुने इंजेक्शन स्वस्त आहे. ५० किलो वजनाच्या रुग्णाला २५ मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या कुपीतले जेमतेम अर्धा मिलिलिटर, सलाइनमधून ४० मिनिटांत देतात. त्या वेळात रक्तदाब चढतो, काहींना आपण देहापासून सुटल्यासारखे वाटते. म्हणून पुढेही काही तास खाटेशेजारी नर्स हवी.

इंदूरला जाताना धार वाटेतच लागते. जिल्हा रुग्णालयात शस्त्रक्रिया होतात, तिथे भूल द्यायची सोय असतेच. तिथेच मानसोपचारतज्ज्ञाच्या निर्णयाने, भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ही सेवा सुरू करावी. दोन औषधे पुऱ्या मात्रेत घेऊनही ज्यांना गुण नाही, त्यांनाच ती द्यावी. छिन्नमनस्कता किंवा अनियंत्रित रक्तदाब असलेल्यांना आणि गरोदर स्त्रियांना वगळावे. भारतात नैराश्यासाठी हा वापर परवान्याबाहेरचा आहे, ते रुग्णाला त्याच्या भाषेत, भिलीत किंवा माळवीत, सांगून मगच संमती घ्यावी. गोळ्या आणि समुपदेशन चालूच ठेवावे.