ट्रॉलीतलं घर : हौसेचं आणि पोटाचं

गेला आठवडाभर आपल्या भागातल्या सगळ्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरतोय. दोन भावांनी एका मांडववाल्याकडची जनरेटरची जुनी ट्रॉली भंगाराच्या भावात घेतली. वर लोखंडी पाइपचा सांगाडा उभा केला, त्यावर ताडपत्री ताणली, आत गादी टाकली, मागच्या फाळक्यावर शेगडी ठेवली. मग जीपमागे जोडून निघाले डोंगरात मुक्कामाला. खाली कॉमेंटमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो, "याला म्हणतात डोकं!" दुसरा म्हणतो, "आरटीओ झोपलंय का?"

मला दोन्ही बाजूंशी थोडं बोलायचंय. आणि मग अशा एका ट्रॉलीबद्दल, जिचा व्हिडिओ कुणी काढत नाही.

आधी हौसेचं बोलू. हौस वाईट नाही आणि नवीनही नाही. दुसऱ्या महायुद्धात जीपमागे ओढायला पाव टनाचे छोटे ट्रेलर बनवले होते. युद्ध संपल्यावर ते स्वस्तात विकले गेले आणि परदेशात लोकांनी त्यावर तंबू चढवले. आपल्याकडे तर 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर' ही म्हणच आहे. पंढरीच्या वाटेवर दिंडीमागची ट्रॉली म्हणजे कोठीघर असतं, रात्री तिच्या आडोशाला माणसं झोपतात. २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सिंघू आणि टिकरी सीमेवर पंजाब-हरियाणाच्या शेतकऱ्यांनी वर्षभर मुक्काम केला, तो ट्रॉल्यांमध्येच. खाली पेंढा, वर गाद्या, त्यावर ताडपत्री. तिथून 'ट्रॉली टाइम्स' नावाचं वर्तमानपत्रही निघालं. आम्हा पत्रकारांना त्याचं कौतुक जरा जास्तच.

आता आरटीओवाल्यांचं. तेही चूक बोलत नाहीत. मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर येतो. कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली.

आता तालुक्याच्या कुठल्याही चौकात उभे राहा आणि मूळ तपशिलाप्रमाणे असलेली एक ट्रॉली शोधून दाखवा. फाळके उंच केलेले, चॅसीला जोड दिलेला, मागचा दिवा कधीच गेलेला, नंबरप्लेटच्या जागी 'आई-वडिलांचा आशीर्वाद'. कायदा कडक आहे, फक्त तो कुणाच्या वाट्याला कधी येईल याचा नेम नाही. त्यामुळे होतं काय, की नीट काम करून घेणारा घाबरतो आणि कसंही ठोकून रस्त्यावर आणणारा बिनधास्त फिरतो.

माझं म्हणणं सरळ आहे. ट्रॉलीत माणूस झोपणार असेल किंवा प्रवास करणार असेल, तर वर काय सजावट केली ते नंतर बघा, आधी खाली वाका आणि बघा.

व्हिडिओतल्या भावांनी आणि त्यांचं बघून वेल्डिंगच्या दुकानात धावणाऱ्या पोरांनी हे ऐकावं. जुन्या ट्रॉलीचं पहिलं काम रंगाचं नाही. पत्र्याखालची चॅसी घासून बघा, गंज किती आत गेलाय, जुना जोड कुठे तडकलाय. चाकाचे हब उघडा, बेअरिंग बघा, नवं ग्रीस भरा. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रॉलीचं टायर दिसायला बरं असतं, पण कडेने चिरलेलं असतं. पाटे नसतील तर डोंगराच्या वाटेवर प्रत्येक दगडाचा दणका थेट जोडांना बसतो आणि वेल्डिंग तिथेच सुटतं.

दुसरं वजन. दोनशे लिटरचा पाण्याचा ड्रम म्हणजे दोनशे किलो. पाव टनाच्या ट्रेलरची जवळजवळ सगळी ताकद तिथेच संपली. गादी, भांडी, सिलिंडर, बॅटरी कुठे ठेवणार? जड वस्तू खाली आणि चाकांच्या वर हव्यात. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढे हूकवर आला पाहिजे. मागे जास्त भरलं की वेगात ट्रॉली शेपटासारखी हलायला लागते आणि पुढच्या गाडीलाही घेऊन जाते. हूकच्या पिनेला खीळ हवी आणि पिन निसटली तर ट्रॉली सुटू नये म्हणून वेगळी साखळी हवी. मुक्कामाला चाकांना ठोकळे लावा, चारी कोपऱ्यांना टेकू द्या. आणि कितीही थंडी पडू दे, बंद ताडपत्रीत कोळशाची शेगडी घेऊन झोपू नका. तो धूर दिसत नाही, वासही येत नाही, माणूस झोपेतच जातो.

अजून एक. डोंगर रिकामा दिसतो म्हणून तो कुणाचाच नसतो असं नाही. राखीव जंगलात परवानगीशिवाय मुक्काम हा गुन्हा आहे. सह्याद्रीच्या सड्यांवर मातीचा थर बोटभर असतो, त्यावरून चाकं गेली की पावसाळ्यात तिथे फुलायचं ते फुलत नाही. गावात विचारा, एखाद्या शेतकऱ्याच्या बांधावर दोन पैसे देऊन थांबा. त्यालाही बरं, तुम्हालाही बरं.

आता त्या दुसऱ्या ट्रॉलीबद्दल.

दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीकडून ट्रॉल्या निघतात. पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे. लाखो माणसं. एकेका ट्रॉलीत चार-पाच कोयत्यांचा संसार : पत्र्याच्या पेट्या, पीठ, सरपण, कोपीचे बांबू, दोन शेरडं, खुराड्यात कोंबड्या आणि या सगळ्यावर पोरं. मुकादमाची उचल घेतलेली, म्हणून निघायचंच. वाटेत रात्र ट्रॉलीतच काढायची. खडबडीत रस्ता, उघड्यावर झोप, चुलीवर भाकरी. रीलवाल्यांच्या भाषेत हेच 'ऑफरोड कॅम्पिंग'. फक्त यांना परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो.

वीसेक वर्षं बातम्या देतोय. हंगामात किमान एकदा तरी रात्रीचा फोन येतोच. मागून धडक, अंधारात उभी ट्रॉली दिसलीच नाही. सकाळी जाऊन बघावं तर ट्रॉलीला मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. रस्त्यावर उसाबरोबर भांडी पसरलेली. आम्ही चार ओळी छापतो, पुढच्या हंगामात पुन्हा तेच. आणि नुकसानभरपाईचा विषय निघाला की कळतं, शेतीच्या ट्रॅक्टरच्या विम्यात ट्रॉलीतली माणसं सहसा धरलेलीच नसतात. कागदावर ती ट्रॉली मालाची आहे. आत माणसं होती हे फक्त पंचनाम्यात येतं.

सरकारकडे फिरत्या घराचा विचार नाही असंही नाही. २०२१ मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. आणावंच, माझी काही तक्रार नाही. पण चाकांवर झोपणाऱ्या पर्यटकाचा विचार होऊ शकतो, तर चाकांवर झोपणाऱ्या मजुराचा का नाही?

यासाठी फार मोठा पैसा लागत नाही. तीन गोष्टी करा.

एक, हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांनी ट्रॉली तपासावी. वाहतुकीचा करार कारखाना करतो, गाडीमालकाला उचलही बहुतेक वेळा तिथूनच जाते. मग मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी रिफ्लेक्टर पट्टी, चालू दिवा आणि साखळी दिसल्याशिवाय करारावर सही नाही, एवढं म्हणायला काय जातं?

दोन, मजुरांची ने-आण बसने करा. ते जमत नसेल तिथे निदान सामान ट्रॉलीत आणि माणसं बसमध्ये. गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे. त्याने हे काम हातात घ्यावं.

तीन, हौशी पोरांसाठी छोट्या ट्रेलरच्या बदलाला सोपा, कायदेशीर रस्ता द्या. जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तपासणी ठेवा, आयटीआयच्या शिक्षकांची मदत घ्या. चॅसी, चाकं, हूक, दिवे बघा, नोंद करा, शिक्का द्या. चोरून केलेल्या कामापेक्षा तपासलेलं काम कधीही बरं.

त्या दोघा भावांना माझ्या शुभेच्छा. ट्रॉली छान झालीय, फक्त मागचा दिवा व्हिडिओत कुठे दिसला नाही, तो आजच लावा.

आणि बाकीच्यांना विनंती. येत्या हंगामात रात्री रस्त्यावर बिनदिव्याची उसाची ट्रॉली दिसली तर नुसता हॉर्न मारून पुढे जाऊ नका. सुरक्षित जागी थांबून ट्रॉलीचा नंबर लिहून घ्या आणि ती ज्या कारखान्याची आहे त्या कारखान्याच्या शेतकी विभागाला कळवा. दहा जणांनी कळवलं तर दुर्लक्ष करतील. शंभर जणांनी कळवलं तर पट्टी लावतील. आपल्याकडे कामं अशीच होतात.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर खाली लिहा, उत्तर देतो.