सदोष घराण्यांची वंशावळ

नाताळचा सण आला की नगर शहरापासून श्रीरामपूर तालुक्यातील हरेगावपर्यंत ख्रिस्ती बांधवांच्या घरी व मंदिरांत गव्हाणीचा देखावा मांडला जातो. मध्ये बाळ, एका बाजूस मरिया, दुसऱ्या बाजूस योसेफ, भोवती मेंढपाळ. देखावा मोठा प्रसन्न असतो. तथापि तो पाहता पाहता पवित्र कुटुंब म्हणजे निर्दोष कुटुंब, असा एक समज मनात नकळत रुजतो. ज्या घरात भाऊ भावाशी बोलत नाही, लेक रुसून परगावी गेली आहे, त्या घराला सणाच्याच दिवशी आपले न्यून अधिक बोचते. वस्तुतः हा समज बायबलानेच मोडून काढलेला आहे. हरिदासाने हे सांगावे याचे नवल वाटण्याचे कारण नाही. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकात याच नगरात ख्रिस्ती कीर्तन लोकप्रिय केले. आख्यानांची ही देवघेव आपल्या जिल्ह्यास जुनीच आहे.

मत्तयकृत शुभवर्तमान उघडावे. पहिल्याच पानावर वंशावळ आहे. पुष्कळ वाचक ती ओलांडून पुढे जातात. पुराणांची सवय असलेल्या आम्हां मंडळींना मात्र वंशावळीतच खरी कथा दडलेली असते हे ठाऊक आहे. त्या पुरुषनामांच्या रांगेत मरियेच्या आधी चार स्त्रिया येतात. तामार, जिला सासऱ्याने तिच्या हक्काचा आधार नाकारला. रहाब, यरीहोची गणिका. रूथ, परमुलखातील विधवा. आणि चौथीचे तर नावही नाही, 'उरियाची बायको' एवढीच ओळख. दावीद राजाने तिच्यासाठी उरियाला रणात आघाडीवर धाडून मारविले. लेखकाने तिचे नाव घातले असते तर राजाचे पाप झाकले गेले असते; नवऱ्याचे नाव घालून ते त्याने कायमचे उघडे ठेवले. महर्षी व्यासांनीही आदिपर्वात आपला जन्म कुमारी सत्यवतीच्या पोटी झाल्याचे लपविलेले नाही. कुळाचा दोष कुळाच्याच वहीत नोंदवावयास धैर्य लागते, आणि येशूचा जन्म मत्तयाने सांगितला तो अशा कुळात.

उत्पत्तीच्या पुस्तकातील घरे तर याहून विसकटलेली. अब्राहामाने हागारेला व तिच्या पोरास, इश्माएलास, भाकर आणि पाण्याची एक मसक देऊन रानात घालविले. याकोबाने आंधळ्या बापाला फसवून थोरल्याचा आशीर्वाद लाटला आणि एसावाच्या भयाने तो परागंदा झाला. वीस वर्षांनी तो परतला, तेव्हा एसाव चारशे माणसे घेऊन सामोरा आला. याकोबाने भुईला सात वेळा मस्तक लावले. एसावाने धावत येऊन त्याला मिठी मारली आणि दोघेही रडले. कीर्तनकार येथे टाळ्या घेऊन थांबेल. माझ्या मते खरे मर्म पुढे आहे. भेट झाली, पण दोघे एकत्र नांदले नाहीत. एसाव सेईरला गेला, याकोब सुक्कोथला. चूल एक झाली नाही. वैर मात्र संपले. मग बाप वारला तेव्हा एसाव आणि याकोब या दोघांनी मिळून त्याला मूठमाती दिली. त्याआधी अब्राहामालाही इसहाकाने व त्या घालवून दिलेल्या इश्माएलाने मिळूनच पुरले होते.

आपल्याकडे प्रवरेच्या काठी दशक्रियेला बसलेले भाऊ मी पुष्कळ पाहिले आहेत. वर्षानुवर्षे बांधावरून कोर्टात भांडलेले, पण पिंडाला कावळा शिवेपर्यंत एकमेकांना खेटून उभे. दुसऱ्या दिवशी पुन्हा वकिलाकडे जाणारेही त्यांत असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्या घटकाभरात जे घडते त्याला ढोंग म्हणण्यास माझी जीभ वळत नाही. समेट म्हणजे पुन्हा एका छपराखाली राहणे, अशी अट घातल्यामुळेच कित्येक घरे समेटाला मुकतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच जिल्ह्यात घडले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई मुलासह माहेरच्या आश्रयाला राहिल्या. जवळजवळ पाच वर्षे हा दुरावा टिकला. पुढे त्या नगरला आल्या, तरी सोवळे त्यांनी सोडले नाही. पाणी निराळे, स्वयंपाक निराळा. टिळकांना ख्रिस्ती होऊन वर्षे लोटली होती, परंतु पत्नीच्या त्या निराळ्या चुलीसह त्यांनी संसार चालविला. जातिभेद माणसांनी निर्मिलेला आहे असे लक्ष्मीबाईंना पुढे स्वतःच्या विचाराने पटले, आणि १९०० साली राहुरीस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सर्व सुरळीत झाले असे समजू नये. टिळकांचा संताप, न सांगता घराबाहेर पडणे, हातातले देऊन टाकणे, हे सारे 'स्मृतिचित्रे'त आहे, आणि लक्ष्मीबाईंनी ते अशा विनोदाने लिहिले आहे की नवऱ्याची कागाळी वाचतो आहोत की कौतुक, हे वाचकास कळेनासे होते. मत्तयाप्रमाणे त्यांनीही घराचे दोष खोडले नाहीत.

१९१९ साली टिळक निवर्तले तेव्हा त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरेच होते. बालपणी धड अक्षरओळख न लाभलेल्या, टिळकांच्या हाताखाली वाचावयास शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. टिळकांचे अध्याय थोडे. उरलेले, म्हणजे ग्रंथाचा बहुतांश, त्यांचे.