गोदावरीचे पथ्य आणि आपण

गतवर्षी आषाढात एक वृद्ध माता आमच्या चिकित्सालयात आल्या. दोन्ही पायांना कंडू, वैवर्ण्य आणि स्राव, लक्षणे विचर्चिकेची. हेतूंची विचारणा करता कळले, की रामकुंडाच्या परिसरात पहाटे स्नान करण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा नेम आहे. व्याधीचे कारण केवळ तेच, असे आम्ही म्हणणार नाही. तथापि पथ्याच्या रकान्यात 'नदीस्नान वर्ज्य' असे आम्हांस लिहावे लागले. कागद वाचून त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, गंगेवर जाऊ नका, असं आजवर कुणी सांगितलं नव्हतं हो." नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. त्या माउलीला द्यावयास आमच्याजवळ उत्तर नव्हते.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण सर्वांनी परीक्षेसाठी अभ्यासला. त्याचा प्रसंग मात्र आपल्या विस्मरणात जातो. भगवान पुनर्वसु आत्रेय कांपिल्य नगरीजवळ गंगेच्या काठाने शिष्यांसह फिरत आहेत आणि अग्निवेशाला सांगत आहेत, की भूमी विरस होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेवा. पुढे विकृत जलाची लक्षणे येतात. गंध, वर्ण, रस आणि स्पर्श बिघडलेले, क्लेद वाढलेला, जलचर क्षीण झालेले, पक्ष्यांनी सोडून दिलेले असे ते जल. या साऱ्याचे मूळ आचार्यांनी अधर्मात आणि त्याही मागे प्रज्ञापराधात दाखविले आहे. कळत असूनही अहिताचे आचरण करणे, हाच तो अपराध.

या कसोटीवर आपली गोदा पाहावी. ब्रह्मगिरीवर उगम पावून सुमारे १४६५ किलोमीटर वाहणारी ही नदी नाशकात पोहोचते तेव्हा तिचा प्रवास नुकताच सुरू झालेला असतो. त्या बालवयातच तिच्यात शहराचे सांडपाणी मिसळते. पुरेशा शुद्धीकरणाअभावी त्यातील नत्र व स्फुरद पाण्यात राहतात आणि त्यावर पाणवेली फोफावतात. २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झालेले नांदूरमध्यमेश्वरचे पाणपक्षी याच प्रवाहावर अवलंबून आहेत. दुसरीकडे, कुंडांच्या तळाशी काँक्रीट ओतून आपण नदीचे जिवंत झरे बुजविले. याला वैद्याच्या भाषेत स्रोतोरोधच म्हणावे लागेल. २०१६ च्या उन्हाळ्यात रामकुंड कोरडे पडले, ते दृश्य नाशिककर विसरलेले नाहीत.

आमची पिढी आज चाळिशीत आहे. उन्हाळी सुटीत आम्ही याच पात्रात पोहावयास शिकलो. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत आले की छातीपर्यंत, यावरून पुराची वार्ता घरोघर पोहोचत असे. पुराची ही मोजणी आमच्या मुलांनाही ठाऊक आहे. पाण्यात उतरणे मात्र त्यांना ठाऊक नाही. आम्हीच त्यांना उतरू देत नाही.

येथवर दोष इतरांचा झाला. आता आपल्या घरात डोकवावे. आमच्या लहानशा रसशाळेत वर्षानुवर्षे क्वाथाची भांडी धुतलेले पाणी, शोधनानंतरची कांजी व गोमूत्र, खल धुतलेले पाणी हे सारे मोरीतून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जात होते. कज्जलीच्या खलाचे धुणे म्हणजे पारदाचा अंश, हे ज्ञान आम्हांस नव्हते काय? होते. म्हणूनच त्यास प्रज्ञापराध म्हणावयाचे. औषधनिर्मितीसाठीच्या शेड्यूल टीमध्ये सांडपाणी व अवशेष योग्य प्रक्रियेनंतरच सोडण्याचे बंधन आहे. ते आपण तपासणीच्या दिवसापुरतेच स्मरणात ठेवतो.

या अपराधाचे फळ आपल्याच पदरात पडते. ब्राह्मी, माका, नागरमोथा या ओलसर भूमीच्या वनस्पती असून पाण्यातील व मातीतील जड धातू त्या शोषून घेतात. द्रव्यसंग्रहाची भूमी कशी असावी हे सांगताना सुश्रुताचार्यांनी वारूळ आणि श्मशान यांनी दूषित झालेली जागा वर्ज्य सांगितली. शहराच्या नाल्याचा काठ त्यांना ठाऊक नव्हता. आपणांस ठाऊक आहे. तरीही बाजारातून आलेली ब्राह्मी कोठे उगवली, हे आपल्यापैकी किती जण विचारतात?

कोणी म्हणेल, शहराच्या सांडपाण्यापुढे आपल्या फार्मसींचे पाणी ते किती? आक्षेप खरा आहे. परंतु जो स्वतः पथ्य पाळत नाही, त्याने रुग्णास पथ्य सांगू नये, हे आपण मानतो. आपली मोरी शुद्ध झाल्यावरच महापालिकेच्या दारात उभे राहून जाब विचारण्याचा अधिकार आपणांस प्राप्त होतो.

म्हणून संघटनेपुढे तीन सूचना सविनय मांडतो. पारदयुक्त द्रव्यांचे धुणे निराळ्या बंद पात्रात साठवून ते अधिकृत घातक कचरा व्यवस्थेकडेच सोपवावे. क्वाथाच्या चोथ्याचे खत करावे आणि भांड्यांचे पहिले धुणे गाळून, निवळून मगच सोडावे. कच्ची द्रव्ये घेताना पुरवठादाराकडून संग्रहस्थान लेखी मागावे व जड धातूंची चाचणी करून घ्यावी. लहान फार्मसींना हा खर्च एकेकट्याने झेपणार नाही. तो संघटनेने सामायिकरीत्या उचलावा.

२०२७ चा सिंहस्थ समोर आहे. घाट सजतील, रस्ते रुंदावतील, लक्षावधी भाविक डुबकी घेतील. महाराष्ट्रात या शतकात वैद्यकीची पदवी घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांच्या पदवीपत्रावर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची मुद्रा आहे. या नदीचे ऋण केवळ नाशिकच्या वैद्यांवर नाही. त्या माउलीच्या कागदावरील 'नदीस्नान वर्ज्य' हे शब्द आपल्याच हयातीत आपल्याच हाताने खोडता यावेत, एवढीच आमची इच्छा आहे. आमच्या रसशाळेची मोरी आम्ही गेल्या दिवाळीपासून नाल्यास जोडलेली नाही. आपल्या मोरीचे काय, हे प्रत्येकाने पुढील सभेत सांगावे.