शाळेतल्या धावा आणि पुढची वर्षे

2025च्या एप्रिलमध्ये चौदा वर्षांच्या वैभव सूर्यवंशीने जयपूरला 35 चेंडूंत शतक ठोकले, तेव्हापासून आमच्या छत्रीबागेतील पालकांची झोप उडाली आहे. माझ्याकडे पेटी शिकणाऱ्या एका मुलाचे वडील परवा म्हणाले, "मास्तर, नववीनंतर याची शाळा नावापुरतीच ठेवावी म्हणतो." पेटी सुटणार हे ओघानेच आले, ते दुःख तूर्त बाजूस ठेवतो.

शाळकरी पराक्रम पुढे कितपत पुरतो? फेब्रुवारी 1988मध्ये शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने हॅरिस शील्डमध्ये 664 धावांची अभंग भागी केली. सचिन नाबाद 326, विनोद नाबाद 349. शाळा तीच, गुरू आचरेकर तेच. पुढे सचिन 200 कसोट्या खेळला. कांबळी 17च, आणि त्याही 54ची सरासरी असताना तेविसाव्या वर्षी संपल्या. कल्याणच्या प्रणव धनावडेची गोष्ट याहून बोलकी आहे. जानेवारी 2016मध्ये त्याने शालेय सामन्यात नाबाद 1009 धावा केल्या. पंधरा वर्षांचा पोर एका रात्रीत जगभर गाजला. मुंबई क्रिकेट संघटनेने महिना दहा हजारांची शिष्यवृत्ती जाहीर केली. पण खेळ उतरला तेव्हा 2017मध्ये त्याच्या वडिलांनीच ती थांबवण्याची विनंती केली. या प्रामाणिकपणाला मथळे थोडेच मिळाले.

आमचे घर दरबारी गवयाचे. मुलाला कंठ फुटू लागला की घरात त्याला मैफलीत बसवीत नसत. आवाज घोगरा, सूर हाती लागेना. अशा दिवसांत खालच्या सप्तकात हळूहळू मेहनत चाले आणि जवळ कोणी जाणते बसलेले असे. खेळाडूचीही चौदा ते वीस ही वर्षे तशीच, कंठ फुटण्याची. शाळा तिथवर आणून सोडते. पुढे जवळ कोण बसणार?

इंदूरपुरते या प्रश्नाचे उत्तर एके काळी होते. सी. के. नायडूंचे शिक्षण नागपुरात, हिस्लॉपमध्ये झाले; 1923मध्ये होळकरांनी त्यांना इकडे आणले आणि फौजेत हुद्दा दिला. पोटाची काळजी मिटली. त्याच नायडूंनी येथील तेरा वर्षांच्या मुश्ताक अलीला हेरून हाताशी धरले. 1936मध्ये मँचेस्टरला मुश्ताकने 112 धावा केल्या. परदेशातील कसोटीत भारतीयाचे ते पहिले शतक. 1941-42 ते 1954-55 या काळात होळकर संघ रणजीच्या अंतिम सामन्यात दहा वेळा पोहोचला व चारदा विजयी झाला.

संस्थान गेले म्हणून सारे गेले असेही नव्हे. गोरखपूरचा नरेंद्र हिरवाणी शाळकरी वयातच इंदुरात आला, नेहरू स्टेडियमच्या खोलीत राहिला आणि संजय जगदाळे यांच्या नजरेखाली फिरकी घोटू लागला. जानेवारी 1988मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत त्याने वेस्ट इंडिजचे 16 गडी टिपले, 136 धावांत. शालेय विक्रमाचा गाजावाजा त्याच्यामागे नव्हता. रोज पाहणारा एक माणूस होता.

म्हणून त्या गृहस्थांना मी दोनच गोष्टी विचारल्या: मुलाच्या दोन मोसमांत धावा झाल्या नाहीत, तर त्याला नेटमध्ये कोण उभे करील? आणि दहावीचे काय? पहिल्यावर त्यांनी शिकवणीवर्गाची फी सांगितली. दुसऱ्यावर, घरी विचारून सांगतो म्हणाले.